मुलाचं गणित कुठवर आलंय, हे घरच्या घरी कसं बघावं

पहिल्या घटक चाचण्या झाल्या की पालक सभेत प्रगतिपत्रक हातात पडतं. गणितासमोर ‘ब+’ असतं. बाई म्हणतात, “बरा आहे, थोडा सराव घ्या घरी.” आपण मान डोलावून बाहेर पडतो आणि घरी आल्यावर प्रश्न पडतो की सराव नेमका कशाचा घ्यायचा? पाढ्यांचा? वजाबाकीचा? की सगळ्याचाच?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्तच गुंतागुंतीचा आहे. घरी मराठी, शाळा मराठी माध्यमाची किंवा इंग्रजी माध्यमाची, शाळेत कानडी विषय सक्तीचा, बाजारात दोन्ही भाषा. मूल गणितात अडतंय की भाषेत, हे प्रगतिपत्रकावरच्या एका श्रेणीतून कळायला काही मार्गच नाही. ते कळतं फक्त मुलाशेजारी बसून. त्यासाठी तुम्हाला गणित फार यायला हवं असं नाही. चौथी शिकलेली आईसुद्धा हे उत्तम करू शकते, कारण इथे शिकवायचं काहीच नाही. विचारायचं आणि ऐकायचं.

ज्यांचं पहिलं मूल नुकतंच शाळेत जाऊ लागलंय, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. पण पाचवीपर्यंतच्या कुठल्याही मुलासाठी चालेल.

१. आधी माप ठरवा

शेजारच्या मुलाशी तुलना करून काही कळत नाही, तेव्हा ते आधी सोडा. त्यापेक्षा दोन सरळ मापं वापरा.

पहिलं माप केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं. जुलै २०२१ मध्ये हे अभियान सुरू झालं आणि त्यात प्रत्येक इयत्तेअखेर मुलाला किमान काय यावं हे ठरवून दिलंय. बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, १० पर्यंतचे अंक ओळखणं. पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि सोपी बेरीज-वजाबाकी. दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी. तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपे गुणाकार. पाठ्यपुस्तकात याहून बरंच जास्त असतं, पण एवढं पक्कं असेल तर पुढचं उभं राहतं.

दुसरं माप ‘असर’ पाहणीचं. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ही पाहणी देशभरातल्या खेड्यांत होते. त्यांचं गणिताचं साधन एका पानाचं आहे: १ ते ९ अंक ओळखणं, मग दोन अंकी संख्या ओळखणं, मग दोन अंकी वजाबाकी (उसनं घ्यावं लागेल अशी), आणि शेवटी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. पाच संख्यांपैकी चार बरोबर ओळखल्या तर ती पायरी आली, वजाबाकीची दोन गणितं असतात, ती दोन्ही बरोबर हवीत, भागाकार एक बरोबर हवा. तिसरीच्या मुलालाही हेच पान आणि आठवीच्या मुलालाही हेच. मूल कुठल्या इयत्तेत बसतंय हे न बघता त्याला काय येतं एवढंच बघायचं, म्हणून मला हे पान फार आवडतं.

आणि मूल मागे दिसलं तर घाबरू नका. २०२४ च्या असर पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतली साधारण ३४ टक्के मुलंच वजाबाकी करू शकली, आणि पाचवीतली साधारण ३१ टक्के भागाकार. तुमचं मूल एकटं नाही. फक्त ते नेमकं कुठे थांबलंय हे तुम्हाला लवकर कळलं पाहिजे.

२. बसायचं कसं

दहा-पंधरा मिनिटं पुरे. जेवणानंतर नको, मूल पेंगतं. खेळून आल्याआल्या नको. मोबाइल बाजूला, टीव्ही बंद. जवळ ठेवायला चिंचोके किंवा राजम्याचे दाणे, काही दहाच्या नोटा, रुपयाची नाणी, कोरा कागद.

प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असो वा चूक, एकच विचारायचं: “हे कसं केलंस, सांग बघू.” फक्त चुकल्यावर विचारलंत तर दोन दिवसांत मूल ओळखतं की आई विचारते म्हणजे चुकलंय. मग ते उत्तर बदलत बसतं, कसं केलं ते सांगत नाही. “एवढंही येत नाही?” हे वाक्य त्या पंधरा मिनिटांत तोंडातून येता कामा नये. आजोबा शेजारी बसले असतील तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा.

त्या वेळी शिकवू नका. चूक दिसली की दुरुस्त करायला जीभ शिवशिवते, पण थांबा. आज फक्त बघायचंय.

३. मोजणं आणि बेरीज: पहिली-दुसरी

दाण्यांचा ढीग ठेवा, चौदा-पंधरा दाणे. मोजून झाल्यावर विचारा, “किती?” काही मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. म्हणजे शेवटचा म्हटलेला आकडा हीच एकूण संख्या, हे अजून पक्कं नाही. मग तेच दाणे लांब पसरून ठेवा आणि विचारा, आता किती? पुन्हा न मोजता सांगितलं तर उत्तम.

आता ८ आणि ५ ची बेरीज द्या आणि बोटांकडे बघा. मूल आधी आठ बोटं मोजतं, मग पाच, मग पुन्हा एकपासून सगळी? ही पहिली अवस्था. ‘आठ’ मनात धरून नऊ, दहा, अकरा असं पुढे मोजत गेलं तर ते एक पाऊल पुढे आहे. आणि “आठात दोन घातले दहा, उरले तीन, तेरा” असं म्हणालं तर पहिली-दुसरीसाठी याहून चांगली खूण नाही. तिघांचंही उत्तर तेराच, वहीत तिघांनाही बरोबरची खूण, पण तिघं तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. बोटं वापरण्यात काही वाईट नाही. मात्र तिसरीच्या मध्यातही प्रत्येक बेरीज एकपासून मोजूनच होत असेल तर तिथे काम करायला हवं.

४. संख्या ऐकून लिहिणं

ही तपासणी आपल्या भागातल्या प्रत्येक घरात व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. कानडीत ‘इप्पत्तैदु’, इंग्रजीत ‘ट्वेंटी फाइव्ह’, दोन्हीकडे वीस आधी. मूल घरी एक क्रम ऐकतं, कानडीच्या तासाला आणि बसमध्ये दुसरा. मग ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहितं. त्यातून आपलं एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी आहेच, जिथे पुढच्या दशकाचं नाव घेऊन आपण मागची संख्या सांगतो. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आणलं तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद बाजूला ठेवला तरी मुलांची अडचण खरी आहे.

दहा संख्या सांगा आणि लिहायला लावा: पस्तीस, त्रेपन्न, एकोणतीस, अडुसष्ट, शहाऐंशी, एकोणसाठ, एकशे पाच, दोनशे चाळीस, चारशे नऊ, एकोणऐंशी. मग वेगळ्या दिवशी हेच आकडे लिहून दाखवा आणि वाचायला सांगा.

मूल ३५ आणि ५३ ची अदलाबदल करत असेल तर लगेच दहाच्या नोटा द्या आणि “पस्तीस रुपये दे” म्हणा. तीन नोटा आणि पाच नाणी बरोबर दिली, तर दशक-एकक डोक्यात आहे, अडलंय फक्त नाव. कानडीत किंवा इंग्रजीत विचारून बघा, तिथे बरोबर लिहिलं तर खात्रीच झाली. अशा मुलाला गणिताची शिकवणी लावून काही होणार नाही. त्याला रोज पाच मराठी संख्या म्हणायला आणि लिहायला द्या, महिन्याभरात सुटतं. पण नोटाही चुकल्या, पाच नोटा आणि तीन नाणी आली, तर प्रश्न खोल आहे. ‘एकशे पाच’चं १००५ लिहिणाऱ्या मुलाचंही तसंच. तिथे पुन्हा नोटा, दाण्यांच्या दहा-दहाच्या पुड्या, यावर परत यायला हवं.

५. वजाबाकी

प्राथमिक गणितात एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर वजाबाकी तपासा. उभी मांडणी करून द्या: ५२ वजा २७.

दुसरी-तिसरीतली बरीच मुलं ३५ असं उत्तर काढतात. “कसं केलंस?” विचारलं की सांगतात, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” वरच्या दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सरळ उलटं करतं. त्याच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही, मोठ्यातून लहान वजा करायचं असंच त्याने ऐकलंय. हे मूल ढ नाही आणि निष्काळजीही नाही. त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय आणि तो प्रत्येक गणितात इमानेइतबारे पाळतंय. म्हणूनच ५८ वजा २३ बरोबर येतं आणि ५२ वजा २७ दर वेळी चुकतं. चाचणीत दहापैकी सहा गणितं बिनउसन्याची असतील तर त्याला सहा गुण मिळतात, आणि ‘बरा आहे’ हा शेरा तिथून येतो.

आता त्याच मुलासमोर दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपये ठेवा. “मला सत्तावीस रुपये दे.” मूल दोन नोटा देतं, मग सात रुपयांसाठी घुटमळतं. थांबा, बोलू नका. बहुतेक मुलं स्वतःच म्हणतात, “सुटे पाहिजेत.” एक नोट मोडून दहा नाणी द्या. बारा नाण्यांतून सात दिली, उरली पाच. चार नोटांतून दोन दिल्या, उरल्या दोन. पंचवीस. मग कागदावरचं ३५ शेजारी ठेवून विचारा, “यातलं कुठलं खरं?” हा प्रश्न मुलाला स्वतः सोडवू द्या, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ लागला तरी.

इथे एक सावधगिरी. आजोबांच्या पिढीत अनेकांनी वजाबाकी वेगळ्या रीतीने शिकली: वरच्या एककाला दहा द्यायचे आणि खालच्या दशकात एक मिळवायचा. उत्तर अचूक येतं, रीतही योग्य आहे. पण शाळेत दशक सुटं करून शिकवत असतील तर दोन्हींची भेसळ होऊन मूल वरूनही एक काढतं आणि खालीही एक घालतं. शाळेत कुठली रीत चालते हे बाईंना विचारा आणि घरी तीच ठेवा.

पुढची पायरी ६०३ वजा २४८. मधल्या शून्यापाशी काय होतं ते बघा. उत्तर ३५५. चौथीच्या मुलाला हे जमलं तर वजाबाकीची चिंता सोडा.

६. पाढे, गुणाकार, भागाकार

पाढे घडाघडा म्हणणं चांगलंच, मी पाठांतराच्या विरुद्ध नाही. पण मधूनच विचारा: “सात आठे?” मूल ‘सात एके सात’पासून सुरुवात करून तिथवर पोचलं तर पाढा पाठ आहे, हाताशी नाही. मग विचारा, “सात आठे छप्पन्न, तर सात नव्वे किती? पाढा न म्हणता सांग.” छप्पन्नात सात मिळवले त्रेसष्ट, हे सुचणं म्हणजे गुणाकार कळणं. दाण्यांच्या चार ओळी, प्रत्येकीत सहा, अशी मांडणी करून “हे कुठल्या पाढ्यातलं?” हेही विचारा.

भागाकारासाठी ६१२ भागिले ६ द्या. उत्तर १२ आलं तर मधलं शून्य गळलंय. ओरडू नका, “सहाशे रुपये सहा जणांना वाटले तर एकेकाला किती?” एवढंच विचारा. शंभर म्हणाल्यावर बारा कसे असतील, हे त्याचं त्यालाच खटकतं. उत्तर साधारण केवढं असावं याचा अंदाज येणं, ही चौथी-पाचवीतली मोठी खूण आहे.

आणखी एक छोटा प्रश्न, तिसरीपासून पुढे कुणालाही: ८ + ४ = ☐ + ५. अनेक मुलं चौकटीत १२ लिहितात, कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘उत्तर लिही’ असं त्यांना वाटतं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे कळलेलं मूल ७ लिहितं. पुढे बीजगणितात हेच उपयोगी पडतं.

७. शाब्दिक उदाहरणं

“रमाकडे १५ चिंचा आहेत. त्या सीमाकडच्या चिंचांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर सीमाकडे किती?” ‘जास्त’ शब्द दिसला की मुलं बेरीज करून २१ सांगतात. शब्दावरून क्रिया ठरवायची सवय लागली की असं होतं. गोष्ट आधी स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, आकडे नंतर.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर एक पडताळणी कराच. पुस्तकातलं चुकलेलं उदाहरण जसंच्या तसं मराठीत तोंडी सांगा. चटकन सुटलं तर गणित ठीक आहे, वाचन अडलंय, आणि शाळेत तसंच सांगायला हवं. मराठीतूनही अडलं तर गणिताकडे बघा. मराठी शाळेतल्या मुलाच्या बाबतीत उदाहरण त्याला वाचायला द्या, मग तुम्ही वाचून दाखवा. दोन्हींत फरक पडतो का बघा.

८. बाजार, डेअरी, बस

अपूर्णांक आणि दशांशासाठी मला वहीपेक्षा बाजार बरा वाटतो. रताळी ३० रुपये किलो, दीड किलो घेतली, शंभराची नोट दिली, परत किती? मूल ४५ काढतं आणि मग १०० वजा ४५ मांडायला कागद शोधतं, की भाजीवालीसारखं “पंचेचाळीस, पन्नास, शंभर” करत ५५ वर येतं? पाव, पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द मुलांना माहीत नसतील तर आजी-आजोबांकडे बसवा. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ असलेली माणसं अजून घराघरांत आहेत.

घरात जनावरं असतील तर डेअरीची पावती काढा. सकाळी ३.५ लीटर, संध्याकाळी ३.२५ लीटर. जास्त कधी घातलं? पाचवीतली मुलंही “संध्याकाळी” म्हणतात, कारण पाचापेक्षा पंचवीस मोठे. साडेतीन आणि सव्वातीन असं वाचून दाखवलं की डोळे उघडतात. तसंच पाव भाकरी मोठी की तिसरा हिस्सा?

बसचं उदाहरण वेळेसाठी. पावणेनऊला, म्हणजे ८.४५ ला गाडी सुटली, ५० मिनिटं लागली, कधी पोचेल? ८.९५ उत्तर आलं तर तास साठ मिनिटांचा असतो हे हिशेबात उतरलेलं नाही. ९.३५ आलं तर शाबासकी द्या. आणि पाचवीत क्षेत्रफळ आलं की शेतावर न्या. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

९. वही आणि शाळा

वहीतल्या लाल खुणा मोजू नका. फळ्यावरून उतरवलेलं गणितही बरोबरच असतं. तीन आठवड्यांपूर्वीचं बरोबर सोडवलेलं एक गणित घ्या, आकडे बदला आणि पुन्हा द्या.

सरकारी शाळेत पहिली ते तिसरीला नली-कली पद्धत असेल तर वही जवळजवळ रिकामी दिसेल. त्याने अस्वस्थ होऊ नका. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली ही पद्धत आहे. तिन्ही इयत्तांची मुलं एकत्र गटांत बसतात आणि कार्डं, खेळ, कृती यांतून टप्प्याटप्प्याने पुढे जातात. प्रत्येक मूल कुठल्या टप्प्यावर आहे याची नोंद वर्गात ठेवलेली असते. ती बघायला मागा.

शिक्षकांना भेटताना “आमचा कसा आहे?” असं विचारलंत तर “बरा आहे” हेच उत्तर मिळतं. “उसनं घ्यायच्या वजाबाकीत उलटं करतोय, वर्गात पण असंच होतंय का?” असं विचारा. मग भेट पाच मिनिटांची असली तरी कामाची होते. चौथी-पाचवीसाठी गणित कलिका आंदोलन या उपक्रमाचा साहित्यसंच शाळेत असेल तर तो मुलांच्या हातात येतो का, हेही आपुलकीने विचारा. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या बैठकीतही हा विषय काढता येतो.

शिकवणी लावायची तर हे सगळं झाल्यावर. नेमकं काय अडलंय हे सांगता आलं नाही तर शिकवणीतही शाळेचाच गृहपाठ होतो, आणि पैसे जातात.

१०. नोंद ठेवा

एक साधी वही करा. वर्षातून तीनदा बसा: शाळा उघडल्यावर जूनमध्ये, दसऱ्याच्या सुट्टीत आणि संक्रांतीनंतर. तारीख, दिलेलं गणित, मुलाचं उत्तर, आणि “कसं केलंस” याला मुलाने दिलेलं उत्तर त्याच्याच शब्दांत. गुण लिहू नका. जूनमध्ये एकपासून मोजणारी मुलगी जानेवारीत दहा करून बेरीज करत असेल तर ती पुढे गेली, श्रेणी ‘ब+’ची ‘ब+’च राहिली तरी.

दोन नोंदींत, म्हणजे चार-पाच महिन्यांत, सराव करूनही तीच चूक तशीच राहिली तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारी मुलं वर्षानुवर्षं ‘गणितात कच्ची’ म्हणून राहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत तपासणीला येतं. नजर, ऐकणं आणि शिकण्यातल्या अडचणी या तिन्ही गोष्टी त्यात बघितल्या जातात, तेव्हा त्या दिवशी मूल शाळेत हजर राहील असं बघा. तिसरी-चौथीतही चार-पाच वस्तू मोजल्याशिवाय सांगता येत नसतील, लहान-मोठी संख्या ठरवताना गोंधळ होत असेल, घड्याळ आणि पैसे दोन्ही अजिबात बसत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ही वही सोबत न्या. पाचवी संपवून मूल दुसऱ्या शाळेत किंवा दुसऱ्या माध्यमात जाणार असेल, तर नव्या शिक्षकांनाही पहिल्याच आठवड्यात ती दाखवा.